‘बेट’ नावाची सोय

पूर्व विदर्भावरचे मराठी लेखन वाचताना एक शब्द हटकून आडवा येतो : बेट. रविवारच्या पुरवण्या असोत, प्रवासवर्णने असोत की निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणी. जंगलात चार घरांची टोली दिसली की ती ‘हिरव्या समुद्रातले बेट’ होते, आणि गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळची तिबेटी वसाहत दिसली की ती हमखास ‘महाराष्ट्रातले तिबेटी बेट’ ठरते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका लेखात मीही हाच शब्द वापरला होता, आणि तेव्हा तो मला फार नेमका वाटला होता. हा लेख त्या नेमकेपणाची उलटतपासणी आहे.

संशयाला कारण किरकोळ घडले. गोंदिया-बल्लारशा मार्गावर अर्जुनीला उतरून मी पुन्हा एकदा त्या वसाहतीकडे निघालो होतो. वाटेत चहाच्या टपरीवर एका शेतकऱ्याला विचारले, “ते तिबेटी बेट कुठल्या बाजूला?” तो गोंधळला. “कोनतं बेट जी? बांबूचं का?” मी समजावून सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, “मंग क्याम्प म्हना ना!”

मराठीत ‘बेट’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन ते बेट, आणि एका बुडातून उठलेला बांबूंचा जुडगा तेही बेट. पुस्तकात वाढलेल्या माणसाला पहिला अर्थ आधी सुचतो, झाडीपट्टीतल्या माणसाला दुसरा. पहिल्या अर्थात तुटलेपण आहे. दुसऱ्यात वरून सुटे दिसणारे दांडे जमिनीखाली एकमेकांत गुंतलेले असतात. आपण लेखक मंडळी एका शब्दाचा अर्धाच अर्थ घेऊन हिंडत होतो, आणि त्या अर्ध्या अर्थाने एका समाजाचे वर्णन उरकत होतो.

रूपक तपासायचे तर आधी खरे बेट पाहावे. गोंदिया जिल्ह्यात ते आहे. नवेगावबांधच्या तलावात मालडोंगरी नावाची टेकडी पाण्याने वेढलेली आहे. तिथे राज्य आहे ते पक्ष्यांचे. माणसांचे बेट पाहायचे तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, मुंबई बंदरातल्या घारापुरीला जावे लागेल. गेटवेहून लाँचने तासाभराच्या अंतरावरच्या या बेटावरच्या लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, पण बेटावरच्या तीन छोट्या वस्त्यांना समुद्राखालून टाकलेल्या तारेने वीज मिळाली ती २०१८ मध्ये. तिथल्या माणसाचा दिवस लाँचच्या वेळापत्रकावर चालतो. बाजार, कॉलेज, दवाखाना, कचेरी, सगळे पाण्यापलीकडे. म्हणजे खऱ्या बेटावरचा माणूस एकटा, अचल, काळाबाहेरचा नसतो. मुख्य भूमीवरच्या माणसापेक्षा त्यालाच जास्त ये-जा करावी लागते. आपल्या लेखनातले ‘बेट’ हे खऱ्या बेटावरून घेतलेलेच नाही. ते पर्यटकाच्या डोळ्यांतले आहे, जो सकाळच्या लाँचने येतो आणि संध्याकाळच्या लाँचने परततो.

आता गोठणगावकडे वळू. १९५९ मध्ये दलाई लामा आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी भारतात आले. त्यांच्या वसाहतींसाठी केंद्र सरकारने राज्यांकडे जमिनी मागितल्या. म्हैसूर राज्याने बैलकुप्पे येथे पहिली मोठी वसाहत दिली. मध्य प्रदेशात मैनपाट, ओडिशात चंद्रगिरी अशा वसाहती उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातली वसाहत १९७२ची. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी जगभरच्या तिबेटी लोकांमध्ये ही वसाहत अजून ‘भंडारा’ म्हणूनच ओळखली जाते. तिचे स्वतःचे नाव नोरग्येलिंग. ‘नोर’ म्हणजे संपत्ती, ‘ग्ये’ म्हणजे वाढणे. शेवटचा ‘लिंग’ हा घटक आपल्याला दार्जिलिंगमुळे परिचित आहे. त्याचा अर्थ स्थान, प्रदेश आणि द्वीपसुद्धा. संस्कृतातल्या जंबुद्वीपाचे तिबेटीत ‘जंबुलिंग’ होते. गंमत अशी की ‘बेट’ हा अर्थ या वसाहतीच्या नावातच दडलेला आहे. पण जंबुद्वीप हे काही तुटलेल्या, एकाकी जागेचे नाव नाही. ते माणसांच्या राहत्या जगाचे नाव आहे. ज्यांनी नाव ठेवले त्यांनी ‘समृद्धी वाढवणारी भूमी’ असे ठेवले. आपण त्याचे भाषांतर केले ‘एकाकी’.

भूगोल तरी एकाकीपणाला दुजोरा देतो का? शेजारी गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण आहे. जवळच्या प्रतापगडावर महादेवाचे स्थान आहे आणि दर्गाही आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. धानाचा हंगाम इथल्या सगळ्यांना एकाच पावसावर नाचवतो. आणि थंडी आली की तिबेटी कुटुंबे लोकरी कपड्यांच्या धंद्यासाठी शहरोशहरी पांगतात. माल बहुतेक लुधियानाचा, गिऱ्हाईक नागपूरचे किंवा आणखी कुठले. ज्या नागपूरकराने लहानपणी तिबेटी बाजारातला स्वेटर घातला, त्याने मोठेपणी त्याच माणसांच्या गावाला ‘जगापासून तुटलेले’ म्हणावे, हे जरा जास्तच झाले. तो नागपूरकर मीच आहे.

तरीही तुटलेपण आहे, आणि माझ्या पिढीच्या लेखनाचा खरा दोष इथे आहे. ते आम्ही जंगलात शोधले. ते आहे कागदात.

आधी जमिनीचा कागद पाहू. या मुलखात बाहेरून येऊन जमीन मिळवणारे तिबेटी पहिले नव्हेत. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असे परंपरा सांगते. हे कोहळीही मूळचे इथले नाहीत. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना आपल्याला तिकडून आणले, अशी त्यांची आख्यायिका १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या ग्रंथात नोंदवली आहे. गोंड राजवटीतला व्यवहार रोखठोक होता : जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन. या धारणेला ‘तुकुम’ म्हणत. पुढे मालगुजारी आली. १९५०च्या कायद्याने ती जाऊन ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. पण कोहळी तोवर इथले झाले होते. आज कोणी कोहळ्यांच्या गावाला ‘काशीचे बेट’ म्हणत नाही. परक्याने श्रम केले, श्रमाला हक्क मिळाला, हक्काने परकेपण मिटले.

तिबेटी माणसाने १९७२ पासून इथली जमीन कसली, तीही श्रमानेच. पण त्याला मालकी मिळाली नाही, वापर मिळाला. जमीन सरकारची आणि राहणारा कायद्याच्या लेखी परदेशी. केंद्राने २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले. त्यात राज्यांनी या जमिनींचे रीतसर भाडेपट्टे करून द्यावेत असे सुचवले आहे. मुदत २० वर्षे, किंवा विशिष्ट आदेशाने पट्टा मागे घेतला जाईपर्यंत. शेतकऱ्याला त्यातला ‘किंवा’ कसा ऐकू येत असेल, याचा विचार करावा. गोंड राजाच्या तुकुमात आणि या भाडेपट्ट्यात काही शतकांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात परक्याला आपला करण्याची रीत मागे पडली आहे. भारताने या लोकांना आसरा दिला, जमीन दिली, शाळा दिल्या. जगात फार थोड्या देशांनी निर्वासितांसाठी इतके केले. ते मान्य करूनच हा फरक मांडायला हवा.

दुसरा कागद प्रवासाचा. तिबेटी निर्वासिताजवळ नोंदणी प्रमाणपत्र असते. ते ठरावीक काळाने नूतनीकरणासाठी न्यावे लागते. परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी पिवळ्या मुखपृष्ठाचे ओळख प्रमाणपत्र. आता गुंतागुंत अशी की आपल्या नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते. वसाहतींमध्ये जन्मलेली एक अख्खी पिढी यात बसते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये हे मान्य केले. त्यानंतर २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट देण्याची तयारी दाखवली, पण अटींसह : नोंदणी आणि ओळख प्रमाणपत्रे परत करा, तिबेटी वसाहतीत राहू नका, निर्वासित तिबेटी प्रशासनाचे लाभ सोडा, सवलती आणि अनुदाने घेऊ नका.

दुसरी अट पुन्हा वाचावी. पासपोर्ट हवा तर घर सोडा. घर हवे तर पासपोर्ट विसरा. इतर कुठल्याही भारतीयाला ही निवड करावी लागत नाही. घारापुरीच्या माणसाला लाँचचे तिकीट काढताना बेटावरचे घर खाली करावे लागत नाही. नोरग्येलिंगला बेट करणारे पाणी कुठले, हे या अटीत दिसते. ते कचेरीत भरलेले आहे. आणि तरुण मुले शिकून बंगळुरू, दिल्ली किंवा समुद्रापलीकडे जातात, मागे म्हातारी माणसे उरतात, तेव्हा ‘काळाच्या ओघात ओस पडणारे बेट’ अशी हळवी वाक्ये आम्ही लिहितो. ओघ काळाचा तर आहेच. पण ज्या जमिनीवर नाव लागत नाही, तिच्यासाठी तरुणाने परत का यावे, हा प्रश्न त्या वाक्यात कुठेच येत नाही.

रूपकाचा धोका तो हाच. ‘बेट’ म्हटले की तुटलेपण निसर्गदत्त वाटते. समुद्राला कोण जाब विचारणार? कागद माणसांनी लिहिलेला असतो. त्याला जाब विचारता येतो, तो बदलताही येतो. ‘बेट’ ही लेखकाची सोय आहे, आणि नकळत कचेरीचीही. चहाच्या टपरीवरचा ‘क्याम्प’ हा शब्द रुक्ष खरा, पण जास्त प्रामाणिक. कॅम्प कोणीतरी बसवलेला असतो आणि कोणीतरी उठवू शकतो. पन्नास वर्षे उलटूनही तो शब्द टिकून आहे, यात त्या भाडेपट्ट्याचे सगळे सार आले.

याच तालुक्याविषयी वेगळ्या रीतीने कसे लिहावे, याचा धडा मराठीत आहे. मारुती चितमपल्ली यांचे नवेगावबांधवरचे लेखन पाहा. ते मूळचे सोलापूरचे. वनाधिकारी म्हणून इथे आले. माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्यांकडून, ढिवर-गोंडांकडून त्यांनी पाखरांची, झाडांची, पाण्याची नावे शिकून घेतली. त्यांच्या पानांवर जंगल माणसाला तोडत नाही, जोडते. पाहुण्याने यजमानाचा शब्द वापरावा, ही साधी शिस्त त्यांनी पाळली. आम्ही तिबेटी वसाहतीत गेलो तेव्हा मात्र यजमानाला त्याच्या गावाच्या नावाचा अर्थसुद्धा विचारला नाही. घोषपताका, प्रार्थनाचक्रे, मोमो यांची यादी केली आणि परतलो. तेन्झिन त्सुंडू हा तिबेटी कवी मुंबईत शिकला. तिथेच शिकताना त्याने पहिला संग्रह काढला, आणि निर्वासित जगण्यावरच्या त्याच्या इंग्रजी निबंधाला २००१ मध्ये आउटलुक-पिकाडोर पुरस्कार मिळाला. तेव्हा मुंबईतच राहणाऱ्या माझ्यासारख्याने तो वाचायला दहा वर्षे घ्यावीत, याला काय म्हणावे? बेटावर नेमके कोण होते?

शेवटी पुन्हा बांबूकडे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाले तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच लागे. २०११ मध्ये तो परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, तेव्हा कुठे हक्काला अर्थ आला. वाढण्याचा हक्क आणि हलण्याचा हक्क एकत्र मिळाले तरच मालकी पुरी होते, हे या भागाला बांबूने शिकवले आहे. बांबूला जे लागू झाले ते बांबूशेजारी पन्नास वर्षे राहिलेल्या माणसाला का होऊ नये?

माझ्या जुन्या लेखातला ‘बेट’ हा शब्द मला खोडायचा नाही. त्याचा अर्थ तेवढा बदलायचा आहे. त्या शेतकऱ्याने विचारले होते, कोणतं बेट, बांबूचं का? त्या वेळी मी ‘नाही’ म्हणालो होतो. आता कोणी विचारले तर ‘हो जी’ म्हणेन.