उभा प्रेक्षक व बसलेला प्रेक्षक

सरकारी चौकशीचे अहवाल कोणी वाङ्मय म्हणून वाचीत नाहीं, आणि बहुतेक अहवालांच्या बाबतींत तें योग्यच आहे. ते लिहिणारास वाचक नको असतो. त्यास दप्तरांत जागा हवी असते. इंग्लंडांतील न्यायमूर्ति पीटर टेलर यांचा हिल्सबरो येथील दुर्घटनेवरील अहवाल मात्र या नियमास अपवाद आहे. त्याचा अंतरिम भाग ऑगस्ट १९८९ मध्यें व अंतिम भाग जानेवारी १९९० मध्यें प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून गेलीं पस्तीस वर्षें तिकडे फुटबॉलच्या मैदानांविषयीं जो वाद चालला आहे, त्यांतले दोन्ही पक्ष याच अहवालास साक्षीला उभा करतात. एक पक्ष म्हणतो, यानें प्रेक्षकांचे प्राण वाचविले. दुसरा म्हणतो, यानें मैदानाचा प्राण घालविला. दोन्ही पक्षांतल्या फार थोड्यांनीं तो सलग वाचला असावा, अशी मला शंका आहे.

हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्ड शहरांतील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपान्त्य सामना होता. लेपिंग्ज लेनच्या बाजूस उभें राहून खेळ पाहणाऱ्या १०,१०० लोकांस आंत घेण्यासाठीं फिरतीं फाटकें होतीं अवघीं सात. सामना तीन वाजतां सुरू व्हावयाचा. अडीच वाजून गेले तरी हजारों लोक बाहेर खोळंबलेले, आणि दाटी क्षणोक्षणीं वाढत चाललेली. २ वाजून ५२ मिनिटांनीं पोलिसांच्या हुकुमानें एक मोठें दार उघडण्यांत आलें. आंत शिरलेल्या माणसास समोर एक बोगदा दिसे, आणि तो बोगदा सरळ मधल्या दोन कप्प्यांत नेई. ते कप्पे आधींच तुडुंब भरलेले होते. दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत जागा मोकळी होती. परंतु बोगद्याच्या तोंडाशीं उभें राहून लोकांस बाजूला वळविण्याचें कोणास सुचलें नाहीं. पुढें लोखंडी जाळी, मागून येणारा लोंढा. खेळ तीन वाजतां सुरू झाला व सहा मिनिटांनीं थांबला. या प्रकारांत ९७ माणसें प्राणांस मुकलीं. त्यांतील शेवटचा माणूस तेव्हांच्या जखमांनीं २०२१ मध्यें वारला.

टेलर ही हकीकत सांगतात ती विशेषणांवांचून. किती फाटकें, किती माणसें, एका फाटकांतून तासाला किती जाऊं शकतात, कोणत्या मिनिटाला कोणीं काय पाहिलें, एवढेंच. इतका साधा हिशोब वाचतांना अंगावर कांटा उभा राहतो, याचें कारण हिशोब करणारा आपल्या रागाला वाक्यांत शिरूं देत नाहीं. आणि राग येण्यासारखें पुष्कळ होतें. लोकांनींच दार फोडलें, असें मैदानावरच्या मुख्य पोलीस अधिकाऱ्यानें त्याच दुपारीं सांगितलें. तें खोटें होतें, असें टेलर स्पष्ट लिहितात. आणि दुर्घटनेचें मुख्य कारण पोलिसांचें नियंत्रण ढासळणें हें होय, असा निष्कर्ष चार महिन्यांच्या आंत देऊन मोकळे होतात. सत्तेच्या पायरीवर बसलेल्या मनुष्यानें सत्तेविषयीं असें लिहावें, हें आपल्या परिचयाच्या अहवाली वाङ्मयांत विरळाच आढळतें.

अंतिम भागाच्या आरंभीं ते एक खेदाची गोष्ट नमूद करतात: फुटबॉलच्या मैदानांवरील गर्दीसंबंधींचा हा नववा सरकारी अहवाल होय. पहिला १९२४ चा. त्याच्या आदल्या वर्षीं वेम्ब्ली येथील अंतिम सामन्यास क्षमतेपलीकडे इतके लोक घुसले कीं पोलिसांच्या घोड्यांनीं मैदान मोकळें करावें लागलें. १९४६ मध्यें बोल्टन येथें ३३ माणसें चेंगरून मेलीं; अहवाल झाला. १९७१ मध्यें ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर एका जिन्यांत ६६ मेलीं. अहवाल झाला, आणि त्यांतून १९७५ चा कायदाही झाला. १९८५ मध्यें ब्रॅडफर्ड येथें लांकडी सज्जा पेटून ५६ माणसें गेलीं, पुन्हा अहवाल. हे सारे अहवाल काढणारे लोक मूर्ख नव्हते. त्यांच्यांत उणीव होती ती अशी कीं गर्दी म्हणजे त्यांच्या लेखीं एक राशि होती: धान्याची असावी तशी, किती पोत्यांत किती मावते एवढाच प्रश्न. पुढें दंगेखोरीचे दिवस आले आणि ती राशि शत्रु ठरली. मग जाळ्या आल्या. लोकांनीं मैदानांत उडी घेऊं नये म्हणून घातलेली जाळीच हिल्सबरोला त्यांच्या छातीवर आली. टेलर यांच्या अहवालाचें खरें नाविन्य हें कीं त्यांत शौचकूपांची घाण, खाण्याच्या पदार्थांचा निकृष्टपणा, छपरांतून गळणारें पाणी यांना चौकशीच्या कक्षेंत जागा मिळाली. माणसास जनावरासारखें वागवून त्यानें सभ्य गृहस्थासारखें वागावें ही अपेक्षा कशी फोल आहे, हें एका न्यायाधीशानें लिहून ठेवलें.

परंतु येथवर स्तुति केल्यावर दोष दाखविणें हें टीकाकाराचें कर्तव्यच आहे. या अहवालाच्या दोन भागांत एक सांधा निखळलेला आहे. पहिल्या भागांत कारण म्हणून जें सिद्ध झालें तें म्हणजे पोलिसांची चूक, अपुरीं फाटकें, जाळ्यांचे कप्पे, न अडविलेला बोगदा. दुसऱ्या भागांत उपाय म्हणून जो सुचविला तो मात्र सर्व प्रेक्षकांस बसविण्याचा: पहिल्या दोन श्रेणींतील क्लबांनीं ऑगस्ट १९९४ पर्यंत उभ्या जागा नाहींशा कराव्या. उभें राहणें हें स्वभावतःच धोक्याचें नव्हे, असें टेलर स्वतःच मान्य करतात. मग आरोपी सुटला आणि शिक्षा शेजाऱ्याला झाली कीं काय, असें वाचकास वाटल्यास नवल नाहीं. टेलर यांच्या बाजूनें म्हणतां येईल कीं ते केवळ एका दुपारचा न्याय करीत नव्हते. खुर्चीमुळें माणसें मोजतां येतात व लोंढा अडतो, हा त्यांचा मुद्दा खराच आहे. तथापि उभें राहण्यांतल्या आनंदाविषयीं ते थोडक्यांत लिहितात व लोकांना हळूहळू बसण्याची संवय होईल असें सांगून पुढें जातात. कॉव्हेंट्रीच्या क्लबानें १९८१ मध्यें आपलें सारें मैदान खुर्च्यांचें केलें होतें आणि थोड्याच वर्षांत लोकांसाठीं उभ्या जागा पुन्हा उघडल्या होत्या. संवयीचा प्रश्न वाटतो तितका सोपा नसावा, हें एवढ्यावरूनही दिसत होतें.

या उणिवेची भरपाई करणारें पुस्तक १९९२ मध्यें निघालें: निक हॉर्न्बी यांचें 'फीव्हर पिच'. लेखक व्यवसायानें एके काळीं शिक्षक. अकरा वर्षांचा असतांना, आईबाप विभक्त झाल्यावर, बापाबरोबर १९६८ मध्यें आर्सेनलचा सामना पाहावयास गेला तो तेथेंच अडकला. पुस्तकाचीं प्रकरणें सामन्यांच्या नांवांनीं व तारखांनीं पाडलेलीं आहेत. प्रेम, नोकरी, आजार, सर्व कांहीं त्या तारखांना टांगलेलें. हा या पुस्तकाचा गुण, आणि अडीचशें पानांपर्यंत वाचीत गेल्यास दोषही. मात्र हिल्सबरोवरचें त्यांचें लिखाण प्रामाणिक आहे. मैदानें मोडकळीस आलीं आहेत हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें व तरीही आम्ही जात होतों, पुढेंही गेलों, ही गोष्ट ते झांकीत नाहींत. आणि टेलर यांना न दिसलेली एक गोष्ट त्यांना दिसते: उभ्या गर्दीचा आवाज हा खेळाच्या भोंवतालचा गोंगाट नव्हे, तो खेळाचाच भाग होय. महागड्या कक्षांत बसलेला श्रीमंत मनुष्य जें पाहण्यास पैसे मोजतो, त्यांतील निम्मा वांटा स्वस्त जागेवरच्या पोरांचा असतो.

आपल्या संगीत नाटकांचा काळ ज्यांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे त्यांना हें समजावून सांगावें लागूं नये. कोचावर बसणारे रसिक माना डोलावीत. परंतु पदाला 'वन्स मोअर'चा गजर उठे तो पिटांतून. पिटांतला प्रेक्षक नाटकाचें तिकीट घेऊन येई आणि प्रयोगाचा भागीदार होऊन जाई. संस्कृत साहित्यशास्त्रज्ञांनीं रसाचें अधिष्ठान नटांत कीं प्रेक्षकांत, याचा सूक्ष्म खल केला आहे. फुटबॉलच्या मैदानाला तो अक्षरशः लागू पडतो. रिकाम्या मैदानांत खेळलेला सामना २०२० मध्यें जगानें दूरदर्शनवर पाहिला. खेळाडू तेच, नियम तेच, चेंडू तोच. रस तेवढा नव्हता.

लिव्हरपूलच्या मैदानांतील 'कॉप' ही उभ्या प्रेक्षकांची प्रसिद्ध चढण. तिचें नांव दक्षिण आफ्रिकेंतील स्पायन कॉप या टेकडीवरून आलें. जानेवारी १९०० मधील त्या लढाईंत लँकेशायरकडचे पुष्कळ सैनिक पडले, आणि त्याच लढाईंत जखमींना डोल्यांतून वाहून नेणाऱ्या हिंदी पथकांत मोहनदास गांधी होते. असो. ३० एप्रिल १९९४ रोजीं या चढणीवर लोक शेवटचे उभे राहिले. जेथें एके काळीं पंचवीस हजारांहून अधिक माणसें मावत, तेथें खुर्च्या आल्यावर सुमारें बारा हजार मावूं लागलीं. उरलेल्यांचें काय झालें, हा प्रश्न विचारला म्हणजे वादाचें मर्म हातीं लागतें. टेलर यांनीं तो आधींच ओळखला होता. तिकिटांचे दर अशा बेतानें ठेवावे कीं उभें राहणारास खुर्ची परवडेल, असें त्यांनीं सुचविलें होतें व उदाहरणादाखल आयब्रॉक्सचे दर दिले होते: बसण्यास सहा पौंड, उभें राहण्यास चार. क्लबांनीं अहवालांतून खुर्ची उचलली आणि दर तेथेंच ठेवून दिला. पुढच्या वर्षांत दर वाढत गेले. जी चार पोरें शाळा सुटल्यावर एकत्र जात, त्यांना चार जागा एकत्र मिळेनात, आणि एकेकट्यानें कोणी ओरडत नाहीं. मैदानें मुकीं झालीं तीं खुर्चीमुळें कमी व पैशामुळें अधिक, असें माझें मत आहे. ६ फेब्रुवारी २०१६ रोजीं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचें होणार म्हणून लिव्हरपूलचे सुमारें दहा हजार प्रेक्षक सामन्याच्या ७७व्या मिनिटाला उठून चालते झाले. तेव्हां संघ दोन गोलांनीं पुढें होता. सामना बरोबरींत सुटला. मालकांनीं दर मागें घेतला आणि माफीही मागितली. वातावरणाचें मोल पौंडांत कधीं मोजतां आलें असेल तर तें त्या दुपारीं.

जर्मनींत डॉर्टमुंडच्या मैदानाच्या दक्षिण बाजूस सुमारें पंचवीस हजार माणसें आजही उभीं राहून खेळ पाहतात, आणि तेथील तिकीट सामान्य माणसास परवडतें. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबानें २०१६ मध्यें कठडेवजा खुर्च्या बसविल्या: प्रत्येक ओळीपुढें कमरेइतका मजबूत कठडा, त्यांतच मिटून ठेवतां येणारी खुर्ची, एका माणसास एकच जागा. लोंढा पुढें सरकूंच शकत नाहीं, कारण प्रत्येक ओळीशीं तो अडतो. १ जानेवारी २०२२ पासून इंग्लंड-वेल्समधील पांच क्लबांना अशी जागा प्रयोग म्हणून देण्यांत आली, व त्याच वर्षाच्या पुढील हंगामापासून इतर क्लबांसही ती मोकळी झाली. टेलर यांना हवी असलेली मोजदाद आणि हॉर्न्बी यांना हवा असलेला गजर, हीं दोन्ही एकाच कठड्याला टेकून उभीं राहूं शकतात, हें ठरावयास बत्तीस वर्षें लागलीं.

सत्य ठरावयासही सत्तावीस वर्षें लागावींत, याचा मात्र संताप येतो. टेलर यांनीं १९८९ मध्येंच पोलिसांकडे बोट दाखविलें असतांही १९९१ च्या मृत्यु-चौकशींत 'अपघात' असाच निकाल लागला. मेलेल्यांनीं दारू पिऊन दार फोडलें ही दंतकथा वर्तमानपत्रांनीं व पुढाऱ्यांनीं जिवंत ठेवली. फिल स्क्रेटन या अभ्यासकाचें १९९९ मधील पुस्तक व त्याहून अधिक मृतांच्या आईबापांचा चिवटपणा, यांमुळें २०१२ मध्यें स्वतंत्र मंडळानें कागदपत्रें उघड केलीं. पोलिसांच्या तपासलेल्या १६४ जबान्यांपैकीं ११६ मधून पोलिसांना प्रतिकूल असलेला मजकूर काढलेला वा बदललेला निघाला. २६ एप्रिल २०१६ रोजीं पंचांनीं हे मृत्यु बेकायदा हत्या ठरविले आणि प्रेक्षकांचा कांहीं दोष नव्हता असा निर्णय दिला. टेलर यांच्या अहवालाची एक मर्यादा येथें कळते: त्यांनीं खोटें ओळखलें, परंतु खोटें तयार करणारा कारखाना त्यांच्या कक्षेबाहेर राहिला.

सुरक्षिततेची चर्चा खुर्च्या, कठडे, फाटकें यांवर थांबते तेव्हां ती अर्धीच राहते. गर्दीकडे पाहणाऱ्याची नजर कोणती, हा उरलेला अर्धा भाग. इंडोनेशियांत मलंग येथें १ ऑक्टोबर २०२२ रोजीं पोलिसांनीं प्रेक्षकांवर अश्रुधूर सोडला आणि बाहेर पडण्याच्या दारांशीं १३५ माणसें मेलीं. हिल्सबरोला तेहतीस वर्षें लोटलीं होतीं. आपल्याकडे कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० रोजीं मोहनबागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्यांत १६ प्रेक्षक दगावले. तो दिवस तेथें रक्तदान करून पाळतात. ४ जून २०२५ रोजीं बंगळूर येथें क्रिकेटच्या विजयोत्सवासाठीं जमलेले ११ लोक मैदानाच्या दारांबाहेर चेंगरून मेले.

इंग्लंडांत मृतांच्या कुटुंबांनीं एका कायद्याची मागणी धरून ठेविली होती: अशा चौकशींत सरकारी अधिकाऱ्यांनीं खरें सांगणें हें कायदेशीर कर्तव्य असावें. त्याचें विधेयक सप्टेंबर २०२५ मध्यें पार्लमेंटापुढें मांडण्यांत आलें. त्यास लोकांनीं आधींच नांव ठेवलें होतें, 'हिल्सबरो कायदा'.