'रेड रायडिंग'चा शेवट आणि प्रेक्षकांचा निवाडा

शोकान्त कृतीच्या शेवटाविषयीं लेखक आणि प्रेक्षक यांच्यांतील भांडण फार जुनें आहे. १६८१ सालीं नेहम टेट ह्या कवीनें शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चा शेवट पालटून टाकला. कॉर्डेलियेस जिवंत ठेविलें, एडगराशीं तिचें लग्न जुळविलें आणि म्हाताऱ्या राजास त्याचें सिंहासन परत मिळवून दिलें. आज आपण टेटला हसतों. परंतु इंग्लंडच्या रंगभूमीनें सुमारें दीडशें वर्षें त्याचाच 'लिअर' पाहिला, आणि डॉ. जॉन्सनसारख्या कठोर विवेचकानेंहि प्रेक्षकांचीच बाजू घेतली. कॉर्डेलियेच्या मरणानें आपणांस इतका धक्का बसला होता कीं, संपादनाचें काम अंगावर येईपर्यंत तीं शेवटचीं दृश्यें पुनः वाचण्याचा धीर झाला नाहीं, असें त्यानें प्रांजळपणें सांगून ठेविलें आहे. एडमंड कीन ह्या नटानें १८२३ सालीं मूळचा शेवट पुनः रंगभूमीवर आणला, तो प्रेक्षकांच्या ह्या रुचीशीं झगडूनच.

आज हें भांडण उलटें झालें आहे. आजच्या सुशिक्षित प्रेक्षकास मुलगी मेल्याचा राग येत नाहीं; ती वांचली म्हणजे त्याला राग येतो. लेखकानें आपणांस लहान मूल समजून खाऊ दिला असें त्यास वाटतें. 'रेड रायडिंग' ह्या इंग्रजी चित्रत्रयीच्या तिसऱ्या भागावर प्रेक्षकांनीं जीं मतें दिलीं, त्यांत ह्या रागाचा जितका स्पष्ट पडताळा मिळतो तितका क्वचितच दुसरीकडे मिळेल.

ज्या वाचकांनीं हे चित्रपट पाहिले नसतील त्यांच्यासाठीं थोडी माहिती देणें अवश्य आहे. डेव्हिड पीस ह्या कादंबरीकाराचा जन्म १९६७ सालीं यॉर्कशायरांतील ऑसेट येथें झाला. त्यानें १९९९ ते २००२ ह्या अवधींत चार कादंबऱ्या लिहिल्या व प्रत्येकीस एकेका सालाचेंच नांव दिलें: १९७४, १९७७, १९८० आणि १९८३. टोनी ग्रिझोनी यांनीं त्यांवरून पटकथा रचल्या, आणि मार्च २००९ मध्यें चॅनेल फोर ह्या दूरचित्रवाणी-संस्थेनें तीन आठवड्यांत तीन चित्रपट दाखविले. चारांचे तीन झाले ते पैशाच्या अडचणीमुळें. १९७७ ची पटकथा कागदावरच राहिली. प्रत्येक भागाचा दिग्दर्शक निराळा. पहिला ज्यूलियन जॅरल्ड यांनीं १६ मिलिमीटरच्या फितीवर, दुसरा जेम्स मार्श यांनीं ३५ मिलिमीटरच्या फितीवर आणि तिसरा आनंद टकर यांनीं डिजिटल कॅमेऱ्यानें घेतला. पुढील वर्षीं ही त्रयी अमेरिकेंतील चित्रगृहांत लागली, आणि डेव्हिड थॉमसन यांच्यासारख्या जाणत्या समीक्षकानें ती 'गॉडफादर'च्याहि वर नेऊन बसविली. इतकी स्तुति आम्हांस झेपत नाहीं; पण पांच तासांचें हें काम सामान्य नव्हे, एवढें निःसंशय.

कथेचा गाभा असा. यॉर्कशायरांत लहान मुली नाहींशा होत आहेत. १९७४ सालीं क्लेअर केम्पले ह्या मुलीचें प्रेत एका बांधकामाच्या जागेवर सांपडतें. तिच्या पाठींत हंसाचे पंख शिवलेले असतात. मायकेल मिश्किन ह्या मंदबुद्धि तरुणाकडून पोलीस मारहाणीनें कबुली घेतात व तो तुरुंगांत जातो. सत्याच्या जवळ गेलेला तरुण वार्ताहर पहिल्या भागाच्या शेवटीं नाश पावतो. दुसऱ्या भागांत बाहेरून तपासासाठीं आलेला सचोटीचा अधिकारी पीटर हंटर पोलिसांच्याच हातून मरतो. तिसऱ्या भागांत, १९८३ सालीं, हेझल अॅटकिन्स नांवाची मुलगी नाहींशी होते आणि जुनें प्रकरण पुनः उकरलें जातें. ह्या वेळीं सत्याच्या मागें दोघे जण आहेत: आईच्या मृत्यूमुळें गांवीं परतलेला स्थूल, गबाळा वकील जॉन पिगट, आणि सर्व कांहीं आधींपासून जाणणारा पोलीस अधिकारी मॉरिस जॉब्सन. शेवटीं मुलगी जिवंत सांपडते.

ह्या शेवटाकडे वळण्यापूर्वीं प्रेक्षकांच्या दुसऱ्या एका तक्रारीचा निकाल लावून टाकूं. चित्रपट समजत नाहीं, काळ मागेंपुढें उड्या मारतो, नांवें लक्षांत राहत नाहींत, यॉर्कशायरची बोली कानांत शिरत नाहीं, असें पुष्कळांनीं म्हटलें आहे. ही तक्रार बव्हंशीं रास्त आहे. १९७७ चा भाग गाळल्यानें कांहीं दुवे निखळले आहेत, आणि तिसऱ्या भागावर सर्व हिशेब चुकता करण्याचा जो बोजा पडला आहे त्याखालीं त्याची चाल कोठें कोठें अडखळते. ज्यानें पहिले दोन भाग नुकतेच पाहिले नसतील त्यानें तिसरा पाहूं नये, हाच ह्यावर उपाय. यापेक्षां अधिक कांहीं म्हणण्याजोगें ह्या मुद्द्यांत नाहीं.

खरा वाद मुलीच्या सुटकेचा. एका पक्षाचें म्हणणें असें: चार तास तुम्हीं आम्हांस शिकविलें कीं, ह्या मुलखांत न्याय नाहीं, येथें जो खरें बोलेल तो मरेल, आणि शेवटच्या दहा मिनिटांत तुम्ही अंधारांतून मुलगी वर काढतां, तिच्याभोंवतीं पिसें उडवितां, सोनेरी उजेड पाडतां. ही फसवणूक आहे. दुसरा पक्ष म्हणतो: इतकें सोसल्यावर आम्हांस एवढा श्वास घेण्याचा हक्क आहे, हा उजेड नसता तर आम्हीं ही त्रयी पुनः पाहिली नसती. पहिल्या पक्षांत पीसच्या कादंबऱ्या वाचलेले लोक पुष्कळ आहेत, आणि कादंबरीचा शेवट चित्रपटाच्या मानानें फार काळोखा आहे, हें त्यांचें म्हणणें खरें आहे.

पहिल्या पक्षाच्या हातांत आणखी एक जबर पुरावा आहे, तो वास्तवाचा. मिश्किन पाहतांना स्टीफन किझ्को आठवल्यावांचून राहत नाहीं. एका अकरा वर्षांच्या मुलीच्या खुनाबद्दल १९७६ सालीं त्याला लीड्स येथें जन्मठेप झाली. त्यानें दिलेली कबुली पोलिसांच्या दडपणाखालीं दिली होती, आणि त्याला निर्दोष ठरवूं शकेल असा वैद्यकीय पुरावा न्यायालयापुढें आलाच नव्हता. सोळा वर्षांनीं, १९९२ सालीं, तो निर्दोष ठरला व पुढच्याच वर्षीं वारला. खरा गुन्हेगार २००७ सालीं दोषी ठरला. अशा मुलखाची गोष्ट सांगतांना अखेरीस एखादी मुलगी जिवंत बाहेर काढणें म्हणजे ज्या जिवंत परतल्या नाहींत त्यांच्याशीं प्रतारणा नव्हे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं, आणि 'श्वास घेण्याचा हक्क' हें त्यावर उत्तर होत नाहीं. करमणूक म्हणून तिकीट काढणाऱ्याचा हक्क निराळा आणि मेलेल्यांचा हक्क निराळा.

तथापि ह्या बाबतींत आमचें मत पहिल्या पक्षाच्या विरुद्ध आहे, आणि त्याचें एक कारण त्रयीच्या नांवांतच दडलेलें आहे. यॉर्कशायरचे पूर्वापार तीन वांटे होते व प्रत्येकास 'रायडिंग' म्हणत. त्या शब्दाचा मूळ अर्थच तिसरा हिस्सा. त्याला 'रेड' हें विशेषण लावतांच लांडग्याच्या तावडींत सांपडलेली, गोष्टींतली लाल टोपडेवाली मुलगी आपोआप उभी राहते. आतां ह्या गोष्टीला पहिल्यापासूनच दोन शेवट आहेत. फ्रेंच लेखक पेरो ह्याच्या १६९७ सालच्या कथेंत लांडगा मुलीस गिळतो आणि गोष्ट तेथेंच संपते. ग्रिमबंधूंच्या १८१२ सालच्या संग्रहांत शिकारी येतो, लांडग्याचें पोट कापतो आणि मुलीला जिवंत बाहेर काढतो. पीसनें पेरोचा शेवट घेतला, ग्रिझोनीनें ग्रिमबंधूंचा. तिसऱ्या भागांत खाणीच्या बोगद्यांतून पिगट त्या मुलीला घेऊन येतो, तेव्हां तो लांडग्याच्या पोटांतूनच तिला ओढून काढीत असतो. उडणारीं पिसें पाहून ज्यांनीं नाक मुरडलें त्यांना पहिल्या भागांतील हंसाच्या पंखांचें विस्मरण झालें असावें. तेथें पंख मेलेल्या मुलीच्या पाठींत शिवले होते. येथें पिसें मोकळीं उडतात. हें प्रतीक फारसें सूक्ष्म नाहीं, पण तें उपरेंहि नाहीं.

दुसरें आणि अधिक महत्त्वाचें कारण असें कीं, मुलगी वांचली म्हणून गोष्ट सुखान्त झाली हा समजच चुकीचा आहे. मुलीकडे डोळे लावून बसलेले दोन्ही पक्षांचे प्रेक्षक बाकीचा हिशेब पाहावयास विसरले. मिश्किनच्या सुटकेचा सोहळा चित्रपट दाखवीत नाहीं. ह्याच प्रकरणांत पकडलेला लेनर्ड कोल नांवाचा दुसरा एक गरीब मुलगा पोलीस कोठडींत फासावर लटकलेला सांपडतो. तो कांहीं जिवंत होत नाहीं. तिसऱ्या भागाच्या आरंभीं १९७४ सालच्या एका लग्नाचें दृश्य आहे. पोलिसांतल्या बड्या अधिकाऱ्याच्या मुलीचें लग्न, आणि त्या मेजवानींत अधिकारी आणि बांधकामाचा धनाढ्य व्यापारी एकत्र बसून एका मोठ्या बाजारपेठेंत पैसे गुंतविण्याचा बेत करीत आहेत, उत्तरेंत आपल्याला अडविणारा कोणी नाहीं ह्या ऐटींत पेले उंचावीत आहेत. त्या मेजवानींतल्या कोणावरहि पुढें खटला भरला जात नाहीं. ज्या शेवटांत एक मुलगी सुटते आणि सबंध व्यवस्था जशीच्या तशी उभी राहते, त्याला टेटचा 'लिअर' म्हणणें हा टेटवर अन्याय आहे. त्यानें निदान राज्य तरी योग्य हातीं सोंपविलें होतें.

आणि जॉब्सन! डेव्हिड मॉरिसी यांनीं उभा केलेला हा मनुष्य हें आमच्या मतें त्रयीचें सर्वांत मोठें यश. पहिल्या दोन भागांत तो कडेला उभा असतो. चष्म्याआडून पाहतो, बोलत नाहीं. सहकारी त्याला घुबड म्हणतात. तिसरा भाग आपणांस हळूहळू दाखवितो कीं, हा मनुष्य क्रूर नाहीं. मारहाण चालली असतां तो केवळ खोलींत हजर होता. नऊ वर्षें तो असा हजर होता. इंग्रजी शोकान्तिकेनें महत्त्वाकांक्षी पापी पुष्कळ रंगविले. नुसतें हजर राहून पापी झालेला नायक विरळा. साहित्यांतील आनंदाची मीमांसा करतांना तात्यासाहेब केळकरांनीं १९२१ सालीं बडोद्यास 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली: आपण दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतों, पण आपलेपण सोडीत नाहीं. खुनी माणसाच्या भूमिकेंत शिरणें आपणांस जड जातें. जॉब्सनच्या भूमिकेंत शिरण्यास कांहींच प्रयास पडत नाहींत, आणि तेथेंच ह्या चित्रपटाची धार आहे. मुलीची सुटका त्याचें पाप धुऊन काढीत नाहीं. ही एक सुटली तर आधींच्याहि सुटूं शकल्या असत्या, एवढेंच ती सिद्ध करते. सुटका हा त्याच्यावरचा आरोप आहे. मुलगी मेलेली सांपडती तर त्याला म्हणतां आलें असतें कीं, अशा मुलखांत कोणी कांहीं करूं शकत नव्हतें.

असें असलें तरी ह्या शेवटांत दोष नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. दोष आहे, पण तो प्रेक्षकांनीं भलत्या ठिकाणीं दाखविला. मुलगी वांचते हा दोष नव्हे. गुन्हेगार ज्या रीतीनें मरतो तो दोष. मार्टिन लॉज हा पाद्री सर्व दुष्टपणाचें मूळ ठरतो. पीटर मलन यांचा अभिनय इतका थंड आणि गोड आहे कीं, तो पडद्यावर येतांच अंगावर कांटा उभा राहतो. पण त्याच्या ठायीं सारें पाप एकवटलें कीं भागीदार हलके होतात. व्यापारी, अधिकारी, मौन धरणारे शेजारी हे सारे एका राक्षसाचे चाकर ठरतात, आणि पांच तास जी समाजाची गोष्ट होती ती अखेरीस एका पिशाच्चाची गोष्ट होऊं लागते. शिवाय जॉब्सन त्याला गोळी घालतो! बंदुकीच्या आवाजाबरोबर लॉजची साक्षहि संपली. ज्यांनीं त्याला इतकीं वर्षें संभाळलें त्यांना आतां कोणी नांव घेऊन बोलावणार नाहीं. जॉब्सन येथें सूड घेतो आहे कीं आपल्याच खात्याचें रहस्य पुरतो आहे, हा प्रश्न चित्रपटानें विचारावयास हवा होता. तो विचारीत नाहीं. संगीत चढतें, उजेड पसरतो आणि प्रश्न विरून जातो. टकर यांच्या कॅमेऱ्याला सौंदर्याचा सोस आहे. तो सोस इतरत्र खपतो, ओलसर भिंतींवर आणि पावसांतल्या रस्त्यांवर शोभतोहि. पण ह्या एका जागीं तो विचाराच्या आड येतो.

पिगटविषयीं मात्र दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण जॉब्सनच्या गडद सावलींत प्रेक्षकांनीं त्याला बहुधा दुर्लक्षिलें आहे. 'द फुल माँटी' ह्या १९९७ सालच्या विनोदी चित्रपटांत ज्यांनीं मार्क अॅडी यांना पाहिलें असेल त्यांना येथेंहि तोच अवघडलेला देह ओळखूं येईल. हा वकील शूर नाहीं, चतुर नाहीं, सुटसुटीत तर नाहींच. मिश्किनचें अपील हातीं घेतांनाहि तो कां-कूं करतो. पहिल्या भागांतला देखणा वार्ताहर आणि दुसऱ्यांतला करारी अधिकारी जेथें हरले तेथें हा धापा टाकणारा गृहस्थ गुडघ्यांवर रांगत बोगद्यांत शिरतो. ह्यांत पटकथाकाराचा कांहीं हेतु असावा. त्या दोघांना सत्य हवें होतें व त्यांतून थोडी कीर्तिहि हवी होती. पिगटला काय हवें होतें तें चित्रपट कोठेंच शब्दांनीं सांगत नाहीं. तो मुलीला वर आणतो तेव्हां त्याच्या तोंडावर विजयाचा लवलेश नसतो, माती असते. तेवढें एक चित्र घेऊन त्याभोंवतींचा सोनेरी उजेड कोणीं पुसून टाकला असता, तर पहिल्या पक्षाला तक्रारीला जागा उरली नसती, आणि दुसऱ्या पक्षाचेंहि कांहीं गेलें नसतें.