प्रतिचुंबकाचे अर्धशतक : नवी मुंबईतील उद्योग-व्यवसायांच्या स्थलांतराची चिकित्सा

प्रस्तावना

एखाद्या शहराकडे उद्योग-व्यवसाय का वळतात, हा प्रश्न वरकरणी निव्वळ अर्थशास्त्राचा वाटतो. नवी मुंबईच्या बाबतीत मात्र तो प्रारंभापासूनच शासनाच्या निर्णयशक्तीचा प्रश्न राहिला आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून बंदरापलीकडील भूभागावर नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. दक्षिणोत्तर चिंचोळ्या पट्टीत कोंडलेल्या मुंबईचा भार हलका करण्यासाठी पूर्वेला तिच्याच तोडीचे दुसरे चुंबक उभारावे, हे तिचे सार होय. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र या प्रयोगासाठी मुक्रर करण्यात आले. हे प्रतिचुंबक प्रत्यक्षात कशाच्या बळावर ओढू लागले आणि त्या ओढीचे फळ कोणाच्या पदरात पडले, या दोन प्रश्नांची चिकित्सा प्रस्तुत लेखात करण्यात आली आहे.

शासनाची द्विधा भूमिका

मूळ आराखड्यामागील तर्क सुस्पष्ट होता. मुंबईची वाढ केवळ कारखान्यांमुळे होत नसून दक्षिण टोकाला एकवटलेल्या कार्यालयीन रोजगारामुळे होते. म्हणून कार्यालये हलविली तरच लोक हलतील. यासाठी राज्य शासनाने स्वतःचे सचिवालय पलीकडे नेऊन इतरांना उदाहरण घालून द्यावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याच काळात नरिमन पॉइंट येथे समुद्रात भर घालून कार्यालयीन मनोरे उभे राहत होते. १९८१ मध्ये विधान भवनाच्या नव्या वास्तूचे उद्घाटनही नरिमन पॉइंट येथेच झाले. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या रूपाने शासनाच्याच दुसऱ्या प्राधिकरणाने वित्तसंस्थांना तिसरा पर्याय उपलब्ध करून दिला. बेलापूरला कोकण भवन आले, रिझर्व्ह बँकेचे कार्यालय आले. परंतु सत्तेचे केंद्र आले नाही. जो यजमान स्वतः नव्या घरात राहावयास जात नाही, त्याच्या आमंत्रणावर पाहुण्यांनी किती विश्वास ठेवावा? उद्योजकांची दीर्घकाळची उदासीनता या विसंगतीच्या प्रकाशात पाहिली असता अनाकलनीय राहत नाही.

सक्ती, दळणवळण आणि सवलत

नवी मुंबईत जे व्यवसाय निश्चितपणे आले, त्यांच्या आगमनाची कारणे तपासल्यास तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार कायद्याच्या बळावर झालेल्या स्थलांतराचा. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या घाऊक बाजारपेठा १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने वाशीला आणण्यात आल्या. कांदा-बटाटा प्रथम, त्यानंतर मसाले व धान्य आणि १९९६ मध्ये भाजीपाला व फळे असा हा क्रम होता. व्यापाऱ्यांचा विरोध असतानाही हे घडले. बाजारासोबत माथाडी कामगार, वाहतूकदार, आडते आणि त्यांच्यावर विसंबलेले असंख्य लहान व्यवसाय आले. शहराला खऱ्या अर्थाने आर्थिक पाया देणारे हे स्थलांतर जाहिरातीने झालेले नाही. मात्र २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला नियमनमुक्त केला, तेव्हा कायद्याने बांधलेली गाठ कायद्यानेच सैल होऊ शकते, हेही स्पष्ट झाले.

दुसरा प्रकार दळणवळणाचा. ठाणे खाडीवरील पूल १९७३ मध्ये सुरू झाला, परंतु मानखुर्द-वाशी रेल्वेमार्गाला १९९२ उजाडले. या प्रकल्पाचा ६७ टक्के खर्च सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलला. १९८९ मध्ये कार्यान्वित झालेल्या न्हावा-शेवा बंदराने गोदामे व मालवाहतुकीच्या व्यवसायांना निमंत्रणाची गरजच उरू दिली नाही.

तिसरा प्रकार सवलतींचा. १९९८ नंतर राज्याच्या माहिती तंत्रज्ञान धोरणांनी अतिरिक्त चटई क्षेत्रासारख्या सवलती दिल्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक विकास महामंडळाने १९६० च्या दशकापासून वसविलेली रासायनिक कारखानदारी मागे पडत असताना महापे, ऐरोली, कोपरखैरणे येथे माहिती तंत्रज्ञानाची संकुले उभी राहिली. या यशाचे श्रेय सवलतींना देण्याचा प्रघात आहे. तथापि, या संकुलांना जोडणारी रेल्वे, पाणी आणि वीज यांची पूर्वतयारी झालेली नसती, तर केवळ सवलतींनी ती आली असती असे मानणे कठीण आहे.

भूमीच्या अर्थकारणाची मर्यादा

सिडकोचे वित्तीय प्रतिमान ‘जमीन हेच भांडवल’ या सूत्रावर आधारलेले आहे. जमीन संपादित करावयाची, विकसित करावयाची आणि भूखंडांच्या विक्रीतून पायाभूत सुविधांचा खर्च भागवावयाचा. या सूत्रामुळेच रेल्वेचा मोठा वाटा उचलणे शक्य झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच सूत्रात एक अंतर्विरोध आहे. भूखंडाचा भाव चढणे ही विकासकाची मिळकत असते, तर तोच भाव नवोदित उद्योजकाचा खर्च असतो. नियोजनकर्ता हाच जमिनीचा विक्रेता असल्यामुळे रोजगार देणाऱ्या, पण कमी किंमत मोजणाऱ्या व्यवसायापेक्षा अधिक बोली लावणारा ग्राहक जवळचा ठरण्याचा धोका कायम राहतो.

या अंतर्विरोधाची सर्वाधिक झळ मूळ रहिवाशांना बसली. शेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाच्या जमिनी तुटपुंज्या मोबदल्यात गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील आंदोलनात पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या लढ्याची परिणती साडेबारा टक्के विकसित भूखंडाच्या योजनेत झाली. १९७३ च्या मसुदा आराखड्याने स्थानिकांना प्रशिक्षण देऊन नव्या शहराच्या आर्थिक व सामाजिक जीवनात पूर्णपणे सहभागी करून घेणे हे उद्दिष्ट नमूद केले होते. साडेबारा टक्के योजनेने त्यांना भूखंडाचे धनी केले. व्यवसायाचे भागीदार किंवा कुशल कर्मचारी करण्याचे उद्दिष्ट त्यातून साध्य होत नाही. गावठाणांभोवती गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला, हा या अपुऱ्या उद्दिष्टपूर्तीचाच पुरावा होय.

निष्कर्ष

जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. साठ वर्षांपूर्वीची कल्पना आता पूर्णत्वास गेली, असा सूर त्यामुळे उमटणे स्वाभाविक आहे. तथापि, पूल दोन्ही दिशांनी वाहतो. तो व्यवसायांना पलीकडे आणू शकतो, तसाच पलीकडच्या रहिवाशांना रोजगारासाठी पुन्हा दक्षिण मुंबईत नेऊ शकतो. यांपैकी काय घडेल, हे पुलावर नव्हे, तर पलीकडे कोणत्या संस्था वसविल्या जातात यावर अवलंबून राहील.

नवी मुंबईच्या अनुभवातून तीन गोष्टी हाती लागतात. व्यवसाय सवलतींपेक्षा शासनाच्या स्वतःच्या कृतीवर अधिक विश्वास ठेवतात. पायाभूत सुविधा आधी आणि आमंत्रण नंतर, हा क्रम उलटल्यास दशके वाया जातात. आणि शहराचे पुनरुज्जीवन भूखंडांच्या भावाने मोजले गेले, तर ज्यांच्या जमिनीवर ते उभे राहिले त्यांचा हिशेब अपुराच राहतो. विमानतळासाठी दहा गावे उठली आहेत. त्या गावांतील पुढची पिढी विमानतळाच्या कुंपणाबाहेर राहते की आतील रोजगारात सन्मानाने सामावली जाते, ही १९७३ च्या त्या उद्दिष्टाची खरी कसोटी ठरेल.