स्टेंटचा नफा आणि तीन ‘म्हणजे’

मंडळी, कोणता शेअर घ्यावा हे आज आपण ठरवणार नाही. आपण फक्त एक युक्तिवाद तपासू. हृदयरोग वाढतोय, म्हणजे अँजिओप्लास्टी वाढणार, म्हणजे स्टेंट बनवणाऱ्या कंपन्यांचा नफा वाढणार, म्हणजे त्यांत पैसे घालणं शहाणपणाचं. आपल्या पुलगावात दारूगोळा भांडारातून निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती एकरकमी पैसा येतो. त्याच्या कानावर असलं काही पडलं की ते पटकन पटतं. म्हणून एकेक ‘म्हणजे’ घेऊ.

पहिला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या अरुंद झालेल्या धमनीत फुगा फुगवून ती रुंद केली. १९८६ साली फ्रान्समध्ये माणसाच्या धमनीत पहिला स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसला. हार्ट अटॅकमध्ये धमनी बंद पडलेली असते. तिथे वेळेत केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते. यात वाद नाही.

पण चढ चढताना छातीत कळ येते आणि थांबलं की जाते, असे पुष्कळ रुग्ण असतात. अशा स्थिर हृदयरोगाच्या ५,१७९ रुग्णांवरचा ‘इस्केमिया’ हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. आधी औषधं देऊन पाहणं आणि सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपासकडे जाणं, यांची त्यात तुलना होती. दुसऱ्या वाटेने कळ कमी झाली, पण मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे रोगी वाढले की स्टेंट त्याच प्रमाणात वाढावेत, असं वैद्यक सांगत नाही. कुणाला काय लागतं ते त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. आपला मुद्दा एवढाच, की कंपनीच्या विक्रीच्या आकड्यात गरजेचा स्टेंट आणि बिनगरजेचा स्टेंट वेगळा दिसत नाही. दोन्ही एकाच रकान्यात बसतात.

दुसरा ‘म्हणजे’. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेला २९,६०० रुपये, साधा ७,२६० रुपये. त्याआधी लेपवाल्याची छापील किंमत सरासरी सव्वा लाखाच्या आसपास होती. प्राधिकरणाने साखळीतली नफ्याची टक्केवारीही उघड केली. सगळ्यात मोठी टक्केवारी कारखान्यात नव्हती, रुग्णालयाच्या टप्प्यावर होती, आणि ती ६५४ टक्क्यांपर्यंत गेलेली होती. बघा, एवढा मोठा वाटा बनवणाऱ्याच्या खिशात जातच नव्हता. आणि ज्या सरकारी आदेशाने रुग्णाला दिलासा मिळाला, त्याच आदेशाने गुंतवणूकदाराचं गणित विस्कटलं. एकाच गोष्टीवर दोघांनी एकाच वेळी आनंदी होणं अवघड आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अ‍ॅबॉट कंपनीने शरीरात विरघळणाऱ्या ‘अ‍ॅब्सॉर्ब’ स्टेंटची विक्री जगभर थांबवली. तो मोठ्या कौतुकाने आला होता, पण त्यात गुठळ्या होण्याचं प्रमाण नेहमीच्या धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त आढळलं. नवं म्हणजे सरस, हे या धंद्यात गृहीत धरता येत नाही.

तिसरा. आपण घातलेला पैसा जातो कुठे? सुरतेच्या सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीज या स्टेंट कंपनीने २०२१ साली सेबीकडे सुमारे १,५०० कोटींच्या इश्यूचा मसुदा दिला. त्यात नवे शेअर ४१० कोटींचे. बाकीची मोठी रक्कम म्हणजे जुन्या भागधारकांनी विकायला काढलेले शेअर. हे कायदेशीर आहे आणि उघड छापलेलंही आहे. पण ‘आपल्या पैशातून हृदयाचे उपचार वाढतील’ असं कुणी सांगितलं, तर हे पान त्याच्यापुढे ठेवायचं.

आता गावाकडे येऊ. इथे रात्री कुणाच्या छातीत कळ आली, तर सेवाग्राम, सावंगी नाही तर शंभरावर किलोमीटरचं नागपूर. त्या घटकेला बाजारात स्टेंट किती आहेत याने फरक पडत नाही. ईसीजी कुणी लगेच काढला का, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळ मिळालं का, गाडी मिळाली का, याने पडतो. आणि यातली कुठलीच गोष्ट स्टेंट कंपनीच्या ताळेबंदात शोधून सापडणार नाही.

याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने खेड्यांतून ज्वारी घेऊन आरोग्यविमा चालवला. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. बदल्यात दवाखान्यात सवलत. तीही गुंतवणूकच होती. फक्त तिच्यात आजारी कमी पडले तर सगळ्यांचा फायदा होता.

कंपनीचे शेअर घेऊ नका, असं आपण म्हणत नाही. घ्यायचे तर धंदा म्हणून घ्या, सेवा म्हणून नको. आणि घेण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : उद्या डॉक्टर विनाकारण स्टेंट घालायचे थांबले, तर या कंपनीचं काय होईल? तिने आणि तिच्या दलालांनी या प्रश्नाचं उत्तर टाळलं, तर पैसा पोस्टात बरा.