‘सार्कोपेनिया’ : संज्ञा आणि निकष

वार्धक्यातील स्नायुऱ्हासास आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८८ च्या सुमारास ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस व ‘पेनिया’ म्हणजे दारिद्र्य. संज्ञा अर्थवाहक खरी. परंतु तिने संशोधकांची दृष्टी दीर्घकाळ मांसाच्या मापाकडेच वळविली. युरोपीय कार्यगटाच्या २०१० मधील व्याख्येतही स्नायूंचे अल्प वस्तुमान ही अनिवार्य अट होती. त्याच कार्यगटाने २०१९ च्या सुधारित निवेदनात बलास अग्रस्थान दिले. मुठीची पकड पुरुषांत २७ व स्त्रियांत १६ किलोग्रॅमहून कमी भरल्यास विकाराचा संशय घ्यावा, वस्तुमान त्यानंतर पडताळावे. निकष पालटला, नाव मात्र तेच राहिले. वस्तुतः क्लार्क व मॅनिनी यांनी २००८ मध्येच बलऱ्हासासाठी ‘डायनापेनिया’ ही स्वतंत्र संज्ञा सुचविली होती; तिचा स्वीकार कार्यगटाने केला नाही, हे खटकते.

अस्थींच्या आरोग्याशीही हा प्रश्न निगडित आहे. हाडांची घनता यंत्राने मोजता येते. परंतु वृद्धांच्या खुब्याचे हाड बहुधा मोडते ते पडल्यामुळे, आणि जाणारा तोल सावरावयास बल लागते. दंड भरलेला पण पकड सैल, असा रुग्ण नावावर विसंबणाऱ्या चिकित्सकाच्या नजरेतून सहज निसटेल.

मराठीत ‘मांसक्षय’ हा प्रतिशब्द योजल्यास मूळचा दोष तर येतोच. शिवाय ‘क्षय’ म्हणताच वाचकास राजयक्ष्मा आठवतो. ‘अस्थिक्षय’ तर हाडांचा क्षयरोगच वाटेल. त्यापेक्षा ‘स्नायुदौर्बल्य’ हा साधा शब्द बरा. संस्कृतात ‘स्नायु’ म्हणजे बंध, मांसपेशी नव्हे, असा आक्षेप पंडित घेतील. मराठी भाषकांनी तो केव्हाच निकालात काढला आहे.