पंचांची निवड आणि न्यायाची कथा

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीने कमांडर कावस माणेकशा नानावटी यांच्या खटल्यात आपला कौल दिला. आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने आरोपी निर्दोष ठरला. न्यायाधीश आर. बी. मेहता यांनी हा कौल स्वीकारला नाही. समोर आलेल्या पुराव्यावरून समंजस माणसांना अशा निष्कर्षाप्रत येणे शक्य नाही, असे मत नोंदवून त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठविले. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने नानावटींना खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली.

एवढा घटनाक्रम सर्वपरिचित आहे. या खटल्यातून निर्माण झालेल्या साहित्याकडे आणि चित्रपटांकडे पाहिले म्हणजे मात्र एक उणीव चटकन जाणवते. पती, पत्नी आणि प्रियकर हा त्रिकोण लेखकांना मोहात पाडून गेला. मधुसूदन कालेलकरांचे ‘अपराध मीच केला’ हे नाटक, ‘ये रास्ते हैं प्यार के’ (१९६३), ‘अचानक’ (१९७३) आणि ‘रुस्तम’ (२०१६) हे चित्रपट, सलमान रश्दी यांच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ (१९८१) या कादंबरीतील कमांडर साबरमतीचे उपकथानक, अशी ही परंपरा सहा दशकांवर पसरलेली आहे. तिच्यात सन्मान, विश्वासघात आणि पश्चात्ताप यांचे नाट्य विपुल आहे. परंतु निवाड्याच्या बाकावर बसलेली नऊ माणसे कोण होती, ती तेथे कशी येऊन बसली आणि त्यांनी नेमका कशाचा निवाडा केला, हा प्रश्न या कलाकृतींच्या केंद्रस्थानी आलेला नाही. आठ जणांपासून अलग राहिलेला नववा माणूस तर जवळजवळ अदृश्यच राहिला. न्यायाच्या दृष्टीने या कथेचे खरे मर्म तेथेच होते.

ज्यूरीची निवड ही वरवर पाहता तांत्रिक बाब आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत बोलावलेल्या व्यक्तींमधून चिठ्ठ्या टाकून ज्यूरी निवडण्याची तरतूद होती. प्रत्येक नाव मोठ्याने पुकारले जाई आणि त्या व्यक्तीला हरकत आहे काय, असे आरोपीला विचारले जाई. हरकतीची कारणेही संहितेने नमूद केली होती. पक्षपाताची शंका, पोलिसांचे काम, पूर्वीची शिक्षा, साक्षीपुराव्याची भाषा न समजणे ही त्यांतील काही. धार्मिक व्रतामुळे ज्याने संसाराची काळजी सोडून दिली आहे अशा माणसालाही हरकत घेता येत असे. ही तरतूद विशेष अर्थपूर्ण आहे. कायद्याला वैरागी नको होता. त्याला संसारी माणूस हवा होता. मोह, लोभ, मत्सर आणि लज्जा ज्याला आतून ठाऊक आहेत त्यालाच दुसऱ्याच्या कृत्याचा अर्थ लागू शकेल, असे या तरतुदीमागील गृहीतक दिसते. परंतु ज्या सांसारिक जाणिवेमुळे माणूस निवाड्यास पात्र ठरतो तीच जाणीव त्याला पक्षपाती बनविते. निवडीच्या नियमांत दडलेला हा अंतर्विरोध कोणत्याही तरतुदीने मिटणारा नाही आणि म्हणूनच तो साहित्याचा विषय होतो.

नानावटी खटल्यात हा अंतर्विरोध उघडा पडला. खटला चालला तो खास ज्यूरीसमोर, म्हणजे सामान्य यादीहून वेगळ्या, प्रतिष्ठित नागरिकांच्या यादीतून आलेल्या लोकांसमोर. आरोपी ‘म्हैसूर’ या युद्धनौकेवरील अधिकारी, देखणा, शिस्तीचा आणि घटनेनंतर स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झालेला. मृत प्रेम आहुजा हा श्रीमंत, अविवाहित व्यापारी. आर. के. करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपीची बाजू उघडपणे घेतली होती. चिठ्ठी कोणाच्याही नावाची निघाली असती तरी त्या काळच्या मुंबईत या प्रकरणाची हवा न लागलेला सुशिक्षित माणूस सापडणे कठीणच होते. नि:पक्षपातीपणा म्हणजे अज्ञान असे मानले, तर असा ज्यूरी निवडताच आला नसता.

तथापि, भावनेच्या आहारी गेलेल्या ज्यूरीने खुन्याला सोडले आणि न्यायाधीशांनी न्याय वाचविला, ही लोकप्रिय मांडणी अपुरी आहे. न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनातच गंभीर उणिवा राहिल्या होत्या, असे उच्च न्यायालयाला आढळले आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. झटापटीत अपघाताने गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. हा अपवाद सिद्ध करण्याचा भार पुराव्याच्या कायद्यानुसार आरोपीवर होता. ज्यूरीला ते नीट सांगितले गेले नव्हते. पत्नीची कबुली आणि गोळीबार यांच्यामध्ये सुमारे तीन तास गेले होते. त्या अवधीत आरोपीने कुटुंबाला चित्रपटगृहात सोडले, खोटे कारण सांगून नौकेवरून रिव्हॉल्व्हर घेतले आणि मृताचा त्याच्या कार्यालयात शोध घेतला. या तीन तासांमुळे तीव्र आणि आकस्मिक चिथावणीचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. हे लक्षात घेतले, तर ज्यूरीच्या चुकीचा काही वाटा न्यायासनाकडेही जातो. बाकावरील माणसे दुबळी होती असे म्हणून भागत नाही. त्यांच्या हाती कोणता प्रश्न दिला गेला, हेही पाहावे लागते.

टॉलस्टॉय यांच्या ‘पुनरुत्थान’ (१८९९) या कादंबरीत हीच गोष्ट विलक्षण नेमकेपणाने आली आहे. मास्लोवा या वेश्येवर एका व्यापाऱ्याला विष घातल्याचा आरोप आहे. ज्यूरीला वाटते की तिचा जीव घेण्याचा हेतू नव्हता. परंतु न्यायासनाचा अध्यक्ष घाईत आहे; एरवी लांबलचक बोलणारा हा गृहस्थ, हेतू नव्हता असे उत्तरात वेगळे नमूद करता येते, एवढे सांगायचे नेमके विसरतो. थकलेले ज्यूरी उत्तर लिहितात, त्यात तेवढेच शब्द राहून जातात आणि मास्लोवाला सक्तमजुरीची शिक्षा होते. कोणीही दुष्टपणा केलेला नाही, तरी अन्याय झाला आहे. मात्र टॉलस्टॉय येथेच थांबत नाहीत. ज्यूरीत बसलेला नेखल्यूदोव हाच या स्त्रीच्या अध:पाताचा मूळ कारण आहे. तो तिला ओळखतो. ते सांगून तेथून उठून जाणे त्याला शक्य होते. पण आपले नाते उघड होईल या भीतीने तो गप्प राहतो. निवडीचा कोणताही नियम या माणसाला हुडकू शकला नसता, कारण त्याची अपात्रता केवळ त्यालाच ठाऊक आहे. हरकत घेण्याचा अधिकार आरोपीला असतो. स्वत:वर हरकत घेण्याचे कर्तव्य पंचाचे असते. या कर्तव्याची उपेक्षा हेच कादंबरीचे बीज आहे.

दोस्तोएव्हस्की यांच्या ‘करमाझोव्ह बंधू’ (१८८०) मध्ये ज्यूरीची रचना निवेदक मुद्दाम मोजून सांगतो. चार सरकारी नोकर, दोन व्यापारी आणि सहा शेतकरी व कारागीर, असे ते बारा जण. पित्याच्या खुनाच्या या खटल्यासाठी दुरून लोक आले आहेत, स्त्रिया आरोपीच्या बाजूच्या आहेत आणि इतक्या गुंतागुंतीच्या मानसिक प्रकरणाचा निकाल असे लोक लावणार काय, अशी कुजबुज चालली आहे. राजधानीतून आलेला नामांकित वकील प्रभावी भाषण करतो आणि सुटका होणारच असे श्रोत्यांना वाटते. ज्यूरी मात्र आरोपीला दोषी ठरवितो. दिमित्रीने खून केलेला नाही हे वाचकाला माहीत असते.

नानावटी खटला आणि ही कादंबरी शेजारी ठेवली, तर एक उलटी सममिती दिसते. मुंबईत गोळ्या झाडणारा सुटला. कादंबरीत खून न करणारा अडकला. एका ठिकाणी ज्यूरी लोकमताच्या दिशेने गेला, दुसऱ्या ठिकाणी तो श्रोत्यांच्या अपेक्षेविरुद्ध गेला. तरीही दोन्ही कौलांचे मूळ एकच असावे असे वाटते. या माणसाने हे कृत्य केले काय, या प्रश्नाऐवजी हा माणूस कसा आहे, या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे दिले गेले. नानावटी सज्जन वाटले आणि दिमित्री उधळ्या वाटला. दोस्तोएव्हस्कींचा वकीलही या गोंधळात भर घालतो. खून झालाच नाही असे म्हणता म्हणता, झाला असला तरी असा बाप हा बाप नव्हेच, असे तो सुचवितो. वस्तुस्थितीच्या जागी नैतिक पसंती आली की ज्यूरीतील शेतकरी काय आणि खास यादीतील प्रतिष्ठित नागरिक काय, दोघेही सारखेच असुरक्षित ठरतात. म्हणून, अधिक शिकलेले पंच निवडले की अधिक चांगला न्याय मिळेल, ही समजूत दोन्ही उदाहरणांनी खोटी ठरते.

भारतीय साहित्यात या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर प्रेमचंदांच्या ‘पंच परमेश्वर’ (१९१६) या कथेत आहे. जुम्मनची वृद्ध मावशी आपल्या तक्रारीसाठी पंच म्हणून निवडते ती जुम्मनच्याच जिवलग मित्राला, अलगू चौधरीला. आधुनिक कायद्यात ही निवड हरकतीस पात्र ठरली असती. अलगू मात्र मित्राविरुद्ध निर्णय देतो. पुढे बैलाच्या किमतीवरून अलगूचा समझू साहूशी वाद होतो, तेव्हा साहू पंच म्हणून जुम्मनला निवडतो. जुम्मन आता अलगूचा वैरी झालेला आहे. तरी त्या आसनावर बसताच तो वैर विसरून अलगूच्या बाजूने न्याय देतो. प्रेमचंदांच्या मते पंचाची पात्रता त्याच्या नात्यागोत्यांत नसून आसनाने जागी केलेल्या जबाबदारीत आहे. हा आशावाद भाबडा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण या गावात पंच आणि वादी एकमेकांना उद्याही भेटणार आहेत, निर्णयाची कारणे उघड सांगावी लागणार आहेत, हे विसरता येत नाही. न्यायालयातील ज्यूरीला कारणे द्यावी लागत नसत. आठ जणांनी तसा कौल का दिला हे त्यामुळे अनुमानाचाच विषय राहिले.

प्रेमचंदांच्या नेमक्या विरुद्ध टोकाला विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) उभे आहे. नानावटी प्रकरणानंतर काही वर्षांतच हे नाटक रंगभूमीवर आले. त्याचा त्या खटल्याशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. पण न्यायालय हा मध्यमवर्गाचा खेळ कसा होतो, याचे इतके निर्मम दर्शन मराठीत दुसरे क्वचितच असेल. वेळ घालविण्यासाठी मांडलेल्या लुटुपुटीच्या खटल्यात बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. येथे ज्यूरी नाही. परंतु मंडळातील प्रत्येक जण ज्यूरी आहे आणि साक्षीदारही. न्यायाधीश झालेले काशीकर तर आसनावरून खाली उतरून स्वत:च साक्ष देतात. प्रेमचंदांच्या कथेत आसन माणसाला बदलते. तेंडुलकरांच्या नाटकात माणूस आसनाला आपल्या पातळीवर ओढतो. ज्या दामले यांच्या वर्तनाचा जाब विचारायला हवा ते गैरहजर आहेत आणि ही गैरहजेरी कोणालाही खटकत नाही. कोणावर खटला चालवायचा याची निवडही पंचांच्या निवडीइतकीच पक्षपाती असू शकते, हे या नाटकाने दाखवून दिले.

नानावटी खटल्यामुळे भारतातील ज्यूरीपद्धत संपली आणि तो शेवटचा ज्यूरी-खटला होता, असे अनेकदा लिहिले जाते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. ज्यूरीपद्धत बंद करावी अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच, म्हणजे गोळीबाराच्या आदल्या वर्षी केली होती. आणि काही ठिकाणी असे खटले त्यानंतरही चालत राहिले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही ते नाही. तरीही ही दंतकथा टिकून आहे, आणि तिच्या टिकण्यालाही अर्थ आहे. एका संस्थेचा हळूहळू झालेला अस्त समजून घेण्यापेक्षा आठ भावनाविवश माणसांना दोष देणे समाजाला अधिक सोयीचे वाटले. दोष त्यांचा ठरला की वृत्तपत्र वाचणारे, सभांना जाणारे आणि आरोपीच्या देखणेपणावर भाळणारे बाकीचे सगळे मोकळे होतात.

ज्यूरीचे बाक न्यायालयातून गेले म्हणून निवडीचा प्रश्न सुटला असे मात्र नाही. गाजलेल्या प्रत्येक खुनाच्या खटल्यात आज वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी यांच्यासमोर बसलेला समाज आपला कौल आधीच देऊन मोकळा होतो. या पंचांची चिठ्ठी निघत नाही, त्यांच्यावर हरकत घेता येत नाही आणि साक्षीपुरावा पुरता ऐकण्याचे बंधनही त्यांच्यावर नाही. न्यायालयातील नऊ जणांना निदान शपथ होती. टॉलस्टॉय, दोस्तोएव्हस्की, प्रेमचंद आणि तेंडुलकर यांच्या कलाकृती वाचकाला याच बाकावर आणून बसवितात. फरक इतकाच की त्या त्याला कौल देण्याआधी स्वत:ची तपासणी करायला लावतात. नानावटी खटल्यावरील कलाकृतींनी हे काम बहुधा टाळले आणि वाचक-प्रेक्षकाला आठ जणांच्या बाजूला सुखाने बसू दिले. नवव्या माणसाच्या जागी बसून त्या तीन तासांकडे पाहणारी मराठी कादंबरी किंवा नाटक लिहिले गेले, तर या खटल्याची खरी कथा प्रथमच सांगितली जाईल.