बेसच्या खात्यावर शिल्लक किती?

बॅलन्स या शब्दाशी माझी ओळख बी. कॉम.पासूनची. तेव्हा ट्रायल बॅलन्स जुळला नाही की जेवण जात नसे. आता बँकेत कॅश जुळली नाही की जेवायला घरीच जाता येत नाही. त्यामुळे भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, जरा बॅलन्स बघतोस का?" तेव्हा मी सवयीनं चष्मा पुसला. त्यानं माझ्या कानांवर हेडफोन चढवले.

भाचा हेवी मेटल वाजवतो. शेजारी त्याला निराळा शब्द वापरतात, तो इथे छापता यायचा नाही. चार पोरांनी मिळून त्याच्या खोलीत तीन गाण्यांचा डेमो केलाय. ड्रम्स कॉम्प्युटरवर जुळवलेले, गिटार थेट लॅपटॉपमध्ये आणि गायक कपाटात. शब्दशः कपाटात! खोली घुमू नये म्हणून त्याला गोधड्यांच्या मधोमध उभा केला होता. आतून जो हंबरडा आलाय त्यात कला किती आणि कोंडमारा किती ते सांगवत नाही, पण ऐकणारा दचकतो, आणि या संगीतात ते गुणांतच धरतात.

वादनाबद्दल तक्रार नाही. पोरं तयारीची आहेत. तक्रार आहे ती जमाखर्चाची. डाव्या कानात गिटार, उजव्या कानात गिटार, मध्ये उरलेल्या जागेतही गिटारच. याचं कारण संगीतशास्त्रात शोधायला नको. लॅपटॉपपुढे बसून मिक्सिंग करणारा भाचा स्वतः गिटार वाजवतो. लग्नात ज्याच्या हाती माईक, त्याचीच मंगलाष्टकं जास्त, तसं. मग ड्रमवाला कुरकुरला म्हणून ड्रम्स वर, गायक रुसला म्हणून तोही वर. पण डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य डेसिबल ही शेवटची मर्यादा. तिथे ओव्हरड्राफ्ट मिळत नाही. त्याच्या पुढे आवाज वाढत नाही, फक्त फाटतो.

एकजणच कुरकुरला नाही, तो बेस वाजवणारा. तो मुळात कमी बोलतो. त्याचे वडील आमच्याच शाखेत हेड कॅशियर आहेत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मोबाईलवर तिन्ही गाणी ऐकली आणि डबा झाकत मला विचारलं, "यात आमचा कुठंय?" सहा महिने घरात रोज रात्री वाजलेली बेस, आणि बापाला ती सापडेना.

हा प्रकार फार मोठ्या घरीही झालाय. मेटालिकाचा 'अँड जस्टिस फॉर ऑल' हा १९८८चा अल्बम. बेसवादक क्लिफ बर्टन १९८६ साली स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बँडबरोबरचा हा पहिला पूर्ण अल्बम, आणि त्यात तो जवळजवळ ऐकूच येत नाही. मिक्स करणाऱ्यांपैकी स्टीव्ह थॉम्पसननं पुढे मुलाखतींतून सांगितलं की, बेस खाली घ्यायला ड्रमर लार्स उलरिकनं लावलं. म्हणजे नाव 'सर्वांना न्याय', आणि नवा गडी वाऱ्यावर! अल्बम थोर आहे, मी स्वतः तो पुनःपुन्हा ऐकतो. पण त्याचा आवाज कोरडा आहे. हाडं उत्तम, मांस नाही. १९९१च्या पुढच्या अल्बममध्ये, निर्माता बॉब रॉकच्या हाताखाली, बेस ऐकू आली आणि हाच बँड एकदम वजनदार वाटायला लागला.

गोम तिथेच आहे. आपण ज्याला गिटारचा भारदस्तपणा समजतो, तो बराचसा बेसचा असतो. साध्या जुळणीत गिटारची जाड तार ८२ हर्ट्‌झवर बोलते, बेसची ४१वर. तळमजला बेसचा, पण गिटारवाला आपलं सामान तिथे आणून टाकतो आणि मग "सगळं गढूळ का वाटतंय?" म्हणून विचारतो. खेरीज खोली दहा बाय दहाची. कोपऱ्यात बसलं की खालचे सूर उगाच फुगून येतात, आणि वाटतं, आहे की भरपूर बेस.

दुसऱ्या गाण्यात भाच्याकडून गिटारचा शंभर हर्ट्‌झखालचा भाग कापवून घेतला, फरफराट कमी करवला. "मामा, हे डबडं वाजतंय!" एकटी ऐकली तर होतीच डबडं. मग बेस वर घेतली आणि सगळं एकदम लावलं. पाण्याच्या पेल्यात लाटा उठल्या. भाचा काही बोलला नाही. वडीलधाऱ्यांचं पटल्यावर हल्लीची पिढी बोलत नाही.

पहिलं गाणं मात्र अजून बिघडलेलंच आहे. त्यातला बास ड्रम स्टेपलर मारल्यासारखा टकटकतो. तो आणि बेस एकाच जागेवर हक्क सांगतात, आणि दोघांपैकी कुणीही हलायला तयार नाही.

राहिला प्रश्न मोबाईलचा. त्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्‌झ बाहेरच पडत नाही, मग पोरगा कितीही वर घ्या. त्यासाठी बेसलाच थोडा फरफराट द्यायचा, म्हणजे तिचे वरचे सूर निघतात आणि कान खालचा सूर आपला आपण धरतो. तिसऱ्या गाण्यात तो दिला. सोमवारी हेड कॅशियरनी मोबाईल कानाशी धरला, एक मिनिट गेलं, आणि त्यांचं बोट टेबलावर पडायला लागलं. गाणं संपल्यावर त्यांनी ते पुन्हा लावलं. सुट्टी संपून दहा मिनिटं झाली होती आणि काउंटरसमोर रांग दारापर्यंत गेली होती.